राजपुत्राचे नकलनवीस

समीक्षक होण्याची माझी लायकी नाही, हे आधीच कबूल करून टाकतो. मराठीच्या पेपरात ‘खालील कवितेचे रसग्रहण करा’ असा पाच गुणांचा प्रश्न असे आणि त्यात मला दीडाच्या वर गुण कधी पडले नाहीत. तो दीडसुद्धा हस्ताक्षराचा असावा. तेव्हा हा माणूस निवृत्तीनंतर चक्क रसग्रहण लिहायला बसेल, आणि तेही कॉम्प्युटरवरच्या एका खेळाचं, असं कुणी सांगितलं असतं तर आमच्या मास्तरांनी तो दीडही परत मागितला असता.

पण खरं सांगायचं तर मला खेळाचं रसग्रहण करायचंच नाही. मला करायचंय ते त्या खेळाला मरू न देणाऱ्या लोकांचं. नाटकाच्या परीक्षणात शेवटी एक ओळ असते, ‘पडद्यामागील कलाकारांचे साहाय्य उल्लेखनीय’. माझं सगळं परीक्षण त्या एका ओळीचं आहे असं समजा.

खेळाचं नाव ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’. तो माझ्या आयुष्यात आला १९९२ साली, महाडच्या एमआयडीसीत. मी तिथे एका केमिकल कारखान्याच्या अकाउंट्स खात्यात होतो. त्या वर्षी आमच्याकडे कॉम्प्युटर आला. आला म्हणजे नवी सून यावी तसा आला. त्याला वेगळी खोली, खोलीला एसी, दाराला पडदा. चपला बाहेर काढून आत जायचं. साहेबांच्या केबिनला एसी नव्हता, त्यामुळे मे महिन्यात साहेब ‘काय म्हणतोय कॉम्प्युटर?’ असं विचारायला यायचे आणि अर्धा अर्धा तास उत्तराची वाट बघत बसायचे.

यंत्र आलं होतं पगारपत्रकासाठी. त्यात राजपुत्र कसा शिरला हे विचारू नये. मुंबईहून दुरुस्तीला येणाऱ्या इंजिनिअरच्या बॅगेत फ्लॉप्यांचा एक डबा असे आणि त्या डब्यात पगारपत्रकाखेरीज बरंच काही असे, एवढंच सांगतो. ही चोरी आहे हे आम्हांला माहीत नव्हतं असं म्हणणार होतो, पण ते खोटं होईल. माहीत होतं. फक्त ती इतकी दूरच्या माणसाची चोरी होती की मनाला लागत नव्हती.

खेळातला माझा जोडीदार म्हणजे आमचे स्टोअरकीपर अण्णा. अण्णा पोलादपूरचे, रोज एसटीने ये-जा करणारे. कारखाना सुटे पाचला आणि अण्णांची गाडी सव्वासहाची. खेळातली अडचण अशी, की दुष्ट वजीर जाफर राजकन्येला एक तासाची मुदत देतो, माझ्याशी लग्न कर नाहीतर मर. राजपुत्र तळघरात कैद. तेवढ्या साठ मिनिटांत त्याने बारा पातळ्या पार करून वर पोचायचं. आमचा वेळ आणि राजकन्येचा वेळ असा मिनिटाला मिनिट जुळला होता. ‘आज गाडी चुकली तरी चालेल, पण पोरगी सुटली पाहिजे,’ असं अण्णा म्हणायचे. गाडी बरेचदा चुकायची. पोरगी काही सुटायची नाही.

आता थोडं कलाकृतीविषयी, नाहीतर रसग्रहणाचे गुण कापतील. जॉर्डन मेकनर नावाच्या तरुणाने हा खेळ ॲपल टू नावाच्या कॉम्प्युटरसाठी केला. तो १९८९ साली बाजारात आला आणि सुरुवातीला फारसा खपलाही नाही, कारण ते यंत्रच तेव्हा निवृत्तीला आलं होतं. त्याआधीच्या खेळांतले नायक बेडकासारखे टुणटुण उड्या मारत. हा राजपुत्र माणसासारखा धावतो. थांबायचं म्हटलं तर दोन पावलं घसरतो, उडी तोकडी पडली तर कड्याला बोटांनी लोंबकळतो, मग अंग वर ओढतो. कारण मेकनरने आपल्या धाकट्या भावाला पांढरे कपडे घालून पळायला, उड्या मारायला लावलं, त्याचं व्हिडिओ चित्रण केलं आणि एकेक चित्र त्यावरून गिरवलं. तलवारबाजी घेतली १९३८ च्या रॉबिन हूडच्या सिनेमातून. संगीत दिलं वडिलांनी, जे व्यवसायाने मानसशास्त्रज्ञ. म्हणजे एकूण घरगुती उद्योग. आपल्याकडे पापड-कुरडयांचा असतो, त्यांच्याकडे राजपुत्राचा निघाला.

महाडच्या माणसाला हा नायक परका वाटूच शकत नाही. आम्ही लहानपणापासून रायगड खालून बघतो. हिरकणी त्या कड्यावरून अंधारात उतरली ही गोष्ट आम्हांला दुधाबरोबर पाजलेली असते. अण्णांनी पहिल्याच दिवशी त्या लोंबकळणाऱ्या पोराकडे बघून निकाल दिला, ‘हा आपल्याकडचाच आहे हो.’ मग पोलादपूरचा अभिमान जागा होऊन पुढे म्हणाले, ‘पण आमच्या उमरठच्या तानाजीला कुठे मेल्यावर परत पहिल्यापासून सुरू करता येत होतं?’ याला उत्तर नव्हतं.

अण्णांनी एक मोठं काम केलं. त्यांनी नकाशे काढले. या खेळाची एक पातळी म्हणजे जास्तीत जास्त चोवीस खोल्या, प्रत्येक खोली आडवी दहा घरं आणि उभी तीन. अण्णांनी स्टॉक लेजरच्या पानांवर, एका पातळीला एक पान, अशा सगळ्या खोल्या आखल्या आणि त्यात स्टोअरच्या भाषेत नोंदी केल्या. ‘फरशी सैल, नग २.’ ‘सुळे, नग १, हळू चालत जाणे.’ ‘पहारेकरी जाडा, नग १.’ आठव्या पातळीवर राजपुत्र कोंडला जातो आणि राजकन्येने पाठवलेला पांढरा उंदीर येऊन कळ दाबून दार उघडतो. तिथे अण्णांनी लिहिलं होतं, ‘उंदीर, नग १, उपयुक्त.’ सबंध नोकरीत त्यांनी उंदराविषयी लिहिलेला हा एकमेव चांगला शेरा. एरवी त्यांच्या स्टोअरमध्ये उंदीर म्हणजे फक्त घट.

अडलो आम्ही बाराव्या पातळीवर. त्याचं मूळ चौथीत आहे. चौथीत एक आरसा वाटेत उभा राहतो. त्यातून राजपुत्र उडी मारतो आणि आरशातून त्याची सावली बाहेर पडून उलट दिशेला पळून जाते. मेकनरला खरं तर दुसरा शत्रू हवा होता, पण कॉम्प्युटरची मेमरी संपत आली होती, नवं चित्र ठेवायला जागा नव्हती. म्हणून त्याने राजपुत्राचंच चित्र जरा सरकवून त्याच्यावरच टाकलं आणि ही चमकती सावली तयार झाली. दारिद्र्यातून निघालेली इतकी सुंदर युक्ती मी आमच्या घरच्या फोडणीच्या भाताखेरीज कुठे पाहिली नाही. ही सावली पुढे राजपुत्राच्या वाटणीचं औषध पिऊन टाकते, त्याला खड्ड्यात पाडते आणि बाराव्या पातळीवर तलवार काढून समोर उभी राहते. तिला वार केला की आपलंच आयुष्य कमी होतं. आम्ही तिला दोन वर्षं मारत होतो, म्हणजे दोन वर्षं मरत होतो. ‘प्रिन्स मेगाहिट’ असं टाइप करून खेळ सुरू केला की पातळ्या ओलांडायची चोरवाट उघडते हे एव्हाना आम्हांला कळलं होतं. पण अण्णा म्हणाले, ‘नको. माल मोजून घेतल्याशिवाय सही करायची नाही.’ बाराव्या पानावर शेवटच्या चौकोनात त्यांनी प्रश्नचिन्ह काढून ठेवलं.

मग जुना कॉम्प्युटर भंगारात गेला. नवा आला तो पासवर्ड घेऊनच. अण्णा निवृत्त झाले, जाताना फ्लॉपी आणि ती बारा पानं माझ्या हातात देऊन म्हणाले, ‘तुम्ही ठेवा, तुम्ही हिशेबातले.’ काही वर्षांनी ते गेले. पिशवी आमच्या घरी माळ्यावर राहिली.

महाडला माळा ही अडगळीची जागा नसते, ती तिजोरी असते. सावित्री आणि गांधारी या दोन नद्या कधी घरात येतील सांगता येत नाही. २००५ च्या पुरात पाणी खिडकीपर्यंत आलं आणि माळा वाचला, म्हणून आम्ही उरलेलंही सगळं महत्त्वाचं माळ्यावर नेलं. २०२१ च्या जुलैत पाणी माळ्यावर आलं. ओसरल्यावर चिखलातून पिशवी काढली तेव्हा बारा पानांचा एकच लगदा झाला होता. त्याच २२ जुलैला आमच्याच तालुक्यात तळियेवर दरड कोसळून अख्खी वाडी गाडली गेली होती. माणसं माणसं शोधत होती. अशा वेळी मी बारा कागदांसाठी हळहळतोय हे कुणाला सांगण्यासारखं नव्हतं. मी सांगितलंही नाही. लगदा चिखलाबरोबर घमेल्यात टाकला.

घर धुऊन वाळेपर्यंत आम्ही दोघं पोलादपूरला बहिणीकडे जाऊन राहिलो. तिचा मुलगा, म्हणजे माझा भाचा, लॅपटॉपवर काहीतरी करत बसलेला असे. एका रात्री मला झोप येईना म्हणून त्याच्या मागे जाऊन उभा राहिलो आणि बघतो तर काय, तोच तळघराचा दगड, तोच दिवा, तोच पांढऱ्या कपड्यातला पोरगा.

‘हा अजून आहे?’ मी म्हटलं.

‘आहे म्हणजे काय मामा, जोरात आहे! तुम्हांला कसा माहीत?’

मामाला काहीतरी माहीत आहे याचं भाच्याला जे आश्चर्य वाटलं, ते मी त्याचं वय लक्षात घेऊन सोडून दिलं. मग त्याने मला जे सांगितलं, ते ऐकून मी उठून बसलो. (मुळात उभा होतो, म्हणून आधी बसलो.)

या खेळाची मूळ संहिता, म्हणजे मेकनरने स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम, हरवला होता. खुद्द लेखकाकडे नव्हता! शेवटी २०१२ साली त्याच्या वडिलांच्या कपाटात मागे पडलेल्या एका खोक्यात जुन्या फ्लॉप्या सापडल्या. जाणकारांनी जुनी यंत्रं जमवून त्या वाचल्या आणि मेकनरने ती संहिता सगळ्यांना बघायला खुली केली. कपाट महाडला नव्हतं हे जगाचं नशीब. पण गंमत अशी, की चाहते त्या कपाटावर अवलंबून नव्हतेच. त्याच्या आदल्याच वर्षी, २०११ मध्ये, एका हौशी माणसाने हा खेळ कमोडोर ६४ या १९८२ सालच्या यंत्रावर बसवून दाखवला होता. मूळ संहिता हाताशी नसताना, तयार खेळ आतून उसवून, टाका न् टाका मोजून! आणखी काहींनी आमच्या कारखान्यात चालायची ती डॉसवरची आवृत्ती तशीच उसवली आणि आजच्या कॉम्प्युटरवर चालेल अशी पुन्हा शिवली. तिचं नाव ‘एसडीएलपॉप’. कुणी नव्या पातळ्या रचायची साधनं केली, आणि त्यांवर लोकांनी शंभराहून जास्त नवे तट-तळघरं बांधली. कुणी तो साठ मिनिटांचा प्रवास निम्म्याहूनही कमी वेळात संपवतात. अशांना एसटीत ड्रायव्हर म्हणून घ्यायला हवं.

पगार कुणाला? कुणाला नाही.

माझ्यातल्या समीक्षकाने मान डोलावली ती एका बारीकशा गोष्टीला. जुन्या खेळात काही चुका आहेत. एका ठिकाणी राजपुत्र धावत उडी मारून भिंतीवरच्या पडद्यातून आरपार निघून जातो. या मंडळींनी अशा चुका शोधून दुरुस्त केल्या, पण दुरुस्ती लादली नाही. हवी तर दुरुस्त प्रत खेळा, नको तर चुकांसकट जुनी खेळा, असा पर्याय ठेवला. मला सांगा, दुसऱ्याच्या लिखाणातली चूक दुरुस्त करून वर मूळ चूकही जपून ठेवणारा माणूस तुम्ही पाहिलाय? आमच्या साहेबांनी माझ्या मसुद्यातला स्वल्पविराम काढला तरी वर तीन इंची लाल सही असायची.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी भाचा मला कवींद्र परमानंदांच्या समाधीपाशी फिरायला घेऊन गेला. शिवछत्रपतींच्या काळात त्यांचं चरित्र संस्कृत काव्यात लिहिणारा हा कवी, ‘शिवभारता’चा कर्ता, पोलादपूरला विसावला आहे. आणि त्याच्या ग्रंथाची पोथी मिळाली ती कुठे, तर तंजावरला! सदाशिव महादेव दिवेकरांनी ती १९२७ साली मराठी भाषांतरासह छापून काढली. ग्रंथ अर्धवट आहे, मध्येच तुटतो. दिवेकरांनी तो होता तसा दिला. कवी इथे, पोथी तिथे, आणि मधली अडीचशे वर्षं कुणीतरी ते काव्य नकलून, जपून ठेवत होतं. त्या नकलनवीसांची समाधी कुठे नाही.

तिथे उभं असताना मला आमच्या फ्लॉपीचं कोडं उलगडलं. वस्तू जगते ती मालकाच्या कपाटात नव्हे. मालकाचं कपाट हरवतं, बुडतं, नाहीतर नुसतं विसरलं जातं. जगते ती तिच्यापायी वेडे होऊन ती पुन्हा पुन्हा उतरवून काढणाऱ्यांमुळे. आम्हीही उतरवली होती म्हणा, पण आम्ही खेळ नुसता घेतला. या मंडळींनी घेतला, समजून घेतला आणि परत दिला. चोर आणि नकलनवीस यांच्यात फरक एवढाच, पण तो मोठा आहे.

असं नाही की मालकांनी हात हलवले नाहीत. याच घराण्यातला २००३ सालचा ‘सँड्स ऑफ टाइम’ हा खेळ नव्याने करण्याचं काम युबिसॉफ्ट कंपनीच्या पुणे आणि मुंबईच्या स्टुडिओंकडे होतं. २०२० मध्ये तशी घोषणा झाली तेव्हा भाच्याने पेढे वाटले होते, जणू राजपुत्राची मुंज पुण्यात ठरली. २०२२ मध्ये ते काम उचलून कॅनडात मॉन्ट्रिअलला नेलं. मोठ्या घरचं कार्य म्हटलं की कार्यालय बदलतं, आचारी बदलतात, मुहूर्त टळतो. त्याच्या उलट आपली ही हौशी मंडळी. दिवसभराचं काम आटोपून रात्री दोन तास बसतात, आणि राजपुत्र रोज पळतोय.

समीक्षकाने दोष दाखवले नाहीत तर त्याला प्रस्तावनाकार म्हणतात, म्हणून दोषही सांगतो. या चाहत्यांनी रचलेल्या काही पातळ्या इतक्या अवघड आहेत की त्या खेळण्यापेक्षा मी पुन्हा इन्कमटॅक्सचा फॉर्म भरीन. तीस वर्षं खेळलेल्यांनी तीस वर्षं खेळलेल्यांसाठी केलेलं काम आहे ते. नवख्याने शिरावं तर उंबऱ्यातच सुळे. शिवाय ती राजकन्या. इतकी वर्षं झाली, इतक्या जणांनी हात फिरवला, पण ती बापडी मूळ खेळात वाळूच्या घड्याळासमोर बसली ती बसलीच. तिने एक उंदीर पाठवला, तेवढीच तिची हालचाल. आमच्या सौभाग्यवतींनी हे पाहिलं तेव्हा त्या म्हणाल्या, ‘तासभर याची वाट बघण्यापेक्षा हिने स्वतःच त्या जाफरला ढकलला असता.’ या परीक्षणातलं हे एकमेव मूलगामी मत आहे आणि ते माझं नाही.

गुण द्यायचेच तर पाचपैकी साडेचार. अर्धा राखून ठेवतो. आमच्या मास्तरांची आठवण म्हणून.

त्या मुक्कामात मी रोज रात्री खेळलो. बोटं विसरली नव्हती. आता मध्येच खेळ साठवून ठेवायची सोय आहे, त्यामुळे गाडी चुकत नाही. एका रात्री बाराव्या पातळीवर पोचलो. सावली उभी. मी वार केला, माझं आयुष्य कमी झालं. पुन्हा केला, पुन्हा कमी. भाचा शेजारी पेंगत होता. त्याने एक डोळा उघडून म्हटलं, ‘मामा, मारू नका तिला. तलवार म्यान करा.’

मी खाली जायचा बाण दाबला. राजपुत्राने तलवार आत घातली. सावलीनेही घातली. मग राजपुत्र तिच्या दिशेने चालू लागला, ती त्याच्या दिशेने चालू लागली, आणि दोघं एक झाले. पुढे जिथे नुसती पोकळी होती तिथे पाऊल टाकावं तशी पावलाखाली फरशी उमटत गेली.

इतकं सोपं होतं. आणि दोन माणसं दोन वर्षं त्या एसीच्या खोलीत घाम गाळत होती. माझा हात फोनकडे गेला. अण्णांना हे लगेच सांगायला हवं होतं. फोन हातात घेतल्यावर लक्षात आलं, आणि परत ठेवला.

पुढे जाफरने मला दोन मिनिटांत लोळवला, तो भाग वेगळा.

सकाळी भाच्याकडून चौकड्यांची वही घेतली. खेळ लावला आणि पहिल्या पातळीपासून आखायला बसलो, दहा घरं आडवी, तीन उभी. फरशी सैल, नग २. सुळे, नग १, हळू चालत जाणे. सगळं जिथल्या तिथे होतं. कुठल्या देशातल्या कोण लोकांनी ते राखलं होतं, त्यांना पोलादपूर कुठे आहे हेही माहीत नसेल. पंधरा दिवसांनी बारावं पान आलं. शेवटच्या चौकोनात अण्णांचं प्रश्नचिन्ह होतं तिथे मी त्यांच्याच भाषेत नोंद केली, ‘सावली, नग १, जमा.’

आणि माल मोजून झाला होता, म्हणून खाली सही केली.